हँगिंग रॉकवर हरवलेल्या मुलींचं काय झालं? उत्तर वीस वर्षांनी छापून आलं, पण वाचकांना प्रश्नच जास्त आवडला

१४ फेब्रुवारी १९००, शनिवार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधली ॲपलयार्ड कॉलेज ही श्रीमंत घरच्या मुलींची बोर्डिंग शाळा. शाळेची सहल हँगिंग रॉक नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी येते. ऊन चढतं, केक कापला जातो, मुली झाडाखाली पेंगायला लागतात. कुणाच्या तरी लक्षात येतं की घड्याळं बरोबर बाराला बंद पडली आहेत.

जेवणानंतर मिरांडा, मॅरियन, इर्मा आणि एडिथ अशा चौघी खडक जवळून बघायला निघतात. काही वेळानं एकटी एडिथ किंचाळत, धडपडत खाली येते. वर काय झालं ते तिला धड सांगता येत नाही. बाकीच्या तिघी गायब. आणि खाली बसलेल्या गणिताच्या शिक्षिका मिस मॅक्रॉ, त्याही गायब.

पोलीस येतात, कुत्री आणली जातात, वाटाड्ये खडक पिंजून काढतात. साधारण आठवड्यानं इर्मा जिवंत सापडते. तिचे पाय स्वच्छ, नखं मात्र तुटलेली, आणि अंगावरचा कॉर्सेट नाही. तिला काहीही आठवत नाही. मिरांडा, मॅरियन आणि मिस मॅक्रॉ यांचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही.

ही गोष्ट आहे जोन लिंडसे यांच्या 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' या १९६७ च्या कादंबरीची. भय आणि गूढ लिहिणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे: वाचकाला सगळं सांगावं की काही झाकून ठेवावं? या वादात बहुतेक वेळा अंदाजांवरच भागवावं लागतं, कारण एकच गोष्ट दोन्ही प्रकारे वाचायला मिळत नाही. हँगिंग रॉकच्या बाबतीत मात्र ती मिळते. या कादंबरीचं उत्तर लिहिलेलं होतं, ते कापलं गेलं आणि पुढे छापूनही आलं.

आधी एक शंका: हे खरंच घडलं होतं का?

नाही. तरी दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर 'ऑस्ट्रेलियातलं न उलगडलेलं बेपत्ता प्रकरण' म्हणून ही गोष्ट फिरत असते. त्याला लेखिका स्वतःही थोडी जबाबदार आहे. कादंबरीच्या सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं की हे खरं की काल्पनिक ते वाचकांनी आपलं आपण ठरवावं. शेवटी वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं, तेही बनावट.

डोंगर मात्र खरा आहे. मेलबर्नच्या वायव्येला साधारण ७० किलोमीटरवर, घट्ट लाव्ह्यातून लाखो वर्षांपूर्वी तयार झालेले उभे सुळके आणि त्यांच्यामधल्या अरुंद घळी. अशा जागी माणूस दहा पावलांवर दिसेनासा होऊ शकतो. शंकेखोरांसाठी एक पुरावा कॅलेंडरमध्येच आहे. १४ फेब्रुवारी १९०० ला शनिवार नव्हता, बुधवार होता.

लिंडसे यांना घड्याळांचं वावडं होतं. त्यांच्या १९६२ च्या आत्मकथनाचं नावच 'टाइम विदाउट क्लॉक्स' आहे. आपण जवळ असलो की घड्याळं बंद पडतात, असं त्या सांगायच्या. त्यांचं लग्न १९२२ मध्ये १४ फेब्रुवारीलाच झालेलं. 'पिकनिक' छापून आली तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

अठरावं प्रकरण

लिंडसे यांनी मूळ कादंबरी अठरा प्रकरणांची लिहिली होती. शेवटच्या प्रकरणात खडकावर नेमकं काय झालं ते होतं. मेलबर्नच्या चेशायर या प्रकाशनसंस्थेकडून सूचना आली की हे प्रकरण काढून टाकावं. लिंडसे यांनी ते मान्य केलं. त्यातला काही मजकूर उचलून आधीच्या प्रकरणात बसवला, आणि पुस्तक सतरा प्रकरणांचं निघालं.

मग सुरू झाली पत्रं. त्या मुलींचं काय झालं? लिंडसे शेवटपर्यंत सरळ उत्तर द्यायच्या नाहीत. लोकांनी आपापली उत्तरं शोधली: खून, अपहरण, दरीत पडणं, काळाच्या फटीत सरकणं, परग्रहवासी. १९८० मध्ये इव्हॉन रूसो या लेखिकेनं तर कादंबरीतलेच धागे पकडून चार वेगवेगळी, तर्कशुद्ध आणि एकमेकांशी न जुळणारी स्पष्टीकरणं देणारं अख्खं पुस्तक लिहिलं. न लिहिलेल्या शेवटावर पुस्तक, आणि तेही वाचनीय!

कापलेलं प्रकरण लिंडसे यांनी आपल्या एजंटकडे सोपवून ठेवलं होतं, मृत्यूनंतर छापण्यासाठी. १९८४ मध्ये त्या गेल्या. १९८७ मध्ये 'द सीक्रेट ऑफ हँगिंग रॉक' नावाचं बारीकसं पुस्तक आलं.

(ज्यांना उत्तर नको आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. पुढचं सगळं त्याशिवायही कळेल.)

तर उत्तर असं: मुलींना खडकापाशी आतून ओढल्यासारखं वाटतं, झोप येते. जाग आल्यावर एक बाई धडपडत वर येते. ती मिस मॅक्रॉच असावी, पण मुली तिला ओळखत नाहीत. कॉर्सेटनं जीव घुसमटतोय म्हणून सगळ्या जणी ते काढून कड्यावरून खाली फेकतात, आणि ते पडतच नाहीत. हवेत तसेच थांबून राहतात, जणू काळच थांबलाय. मग हवेत एक भोक दिसतं. एक साप फटीत शिरतो, त्याच्यामागून ती बाई खेकड्यासारखी होऊन शिरते, तिच्यामागून मॅरियन, मग मिरांडा. इर्माची पाळी येते तेव्हा एक शिळा सरकून वाट बंद होते. ती नुसत्या हातांनी दगड बडवत राहते.

हे प्रकरण वाईट नाही. हवेत थांबलेल्या कॉर्सेटची कल्पना तर विसरता येत नाही. तरी ते वाचल्यावर बहुतेकांना थोडं फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर कळल्यावर नेमकं बिघडतं काय?

इर्माच्या कॉर्सेटचंच घ्या. सतरा प्रकरणांच्या पुस्तकात ही एक ओझरती नोंद आहे. तिची शुश्रूषा करणाऱ्यांना कॉर्सेट दिसत नाही, पण असल्या विषयावर बोलणंच अवघड असलेला तो काळ, त्यामुळे गोष्ट दबून जाते. वाचकाच्या मनात मात्र खडा पडतो. काढला कुणी? का? यात माणसाचा हात आहे का? डॉक्टर म्हणतात मुलीवर अत्याचार झालेला नाही. मग? एका कपड्याच्या तुकड्यानं सुचणाऱ्या सगळ्या शक्यता एकाच वेळी जिवंत राहतात, आणि त्यातल्या काही फार माणसांच्या जगातल्या आहेत.

अठरावं प्रकरण वाचलं की कळतं: गरम होत होतं, म्हणून काढला. नखं का तुटली? दगड बडवला म्हणून. हिशेब लागला, फाइल बंद.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. मुली कादंबरीच्या सुरुवातीलाच हरवतात. उरलेलं सगळं पुस्तक मागे राहिलेल्यांचं आहे. पालक मुलींना शाळेतून काढायला लागतात, शिक्षक नोकरी सोडतात, पैसा आटतो. सारा नावाची अनाथ मुलगी, जिला मिरांडाचा फार लळा होता, मेलेली सापडते. मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड शेवटी त्याच खडकावर जाऊन जीव देतात. खडकावर घडलेल्या त्या दुपारचे ओरखडे एकेका माणसावर उमटत जातात. यातल्या कुणाकडेही उत्तर नाही, आणि वाचकाकडेही नाही, त्यामुळे वाचक त्यांच्याच रांगेत उभा असतो. उत्तर हातात आलं की तो रांगेतून बाहेर पडतो आणि वरून बघायला लागतो. बिचारे, यांना त्या भोकाबद्दल माहीतच नाही!

कादंबरीतला सगळ्यात भीतिदायक प्रसंग खडकावरचा नाहीच. बरी झालेली इर्मा शाळेचा निरोप घ्यायला येते, तेव्हा व्यायामशाळेत जमलेल्या तिच्याच मैत्रिणी आधी थिजून बघतात आणि मग तिच्यावर तुटून पडतात. सांग! काय झालं सांग! तिला आठवत नाही हे त्यांना पटत नाही. भूत नाही, रक्त नाही, फक्त उत्तर हवं असलेल्या मुली. सतराव्या प्रकरणानंतर पुस्तक आपटणारा वाचक आणि त्या मुली यांच्यात फारसा फरक नाही.

आणि ही मागणी पोकळ नाही. माणूस मेला की दुःखाला वाट असते: अंत्यविधी, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. माणूस नुसता परत आला नाही तर यातलं काहीच करता येत नाही, आणि आशाही सोडता येत नाही. अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना या अवस्थेला 'ॲम्बिग्युअस लॉस' असं नाव दिलं. धड गेलाही नाही आणि धड आहेही नाही, असं नुकसान. प्रत्येक हरवलेल्या मुलाच्या घरात हे रोज जगलं जातं. अशी गोष्ट लिहिताना शेवटी सोयीचं उत्तर देणं म्हणजे त्या घरांना जे कधीच मिळत नाही ते वाचकाला फुकट देणं.

'चकवा' कसा दिसतो, हे कुणी विचारतं का?

मराठी वाचकाला हँगिंग रॉक तसा परका वाटायला नको. आपल्याकडे यासाठी एक शब्दच आहे: चकवा. रोजच्या पायवाटेवर माणूस रात्रभर गोल गोल फिरतो, आणि उजाडल्यावर कळतं की घर शंभर पावलांवर होतं. हडळीचे पाय उलटे असतात, मुंजा पिंपळावर राहतो, वेताळाची पालखी निघते. या सगळ्यांना रूप आहे, पत्ता आहे. चकव्याला काहीच नाही. तो 'लागतो', एवढंच. म्हणूनच हडळीची गोष्ट ऐकून पोरं खिदळतात, पण तिन्हीसांजेला शेतातून एकट्यानं परतताना आठवतो तो चकवा.

मराठीत 'भयकथा' आणि 'गूढकथा' असे दोन वेगळे शब्द आहेत, हेही सहज झालेलं नाही. नारायण धारपांच्या बऱ्याच कथांमध्ये समोर ठाकलेली वाईट शक्ती असते आणि तिच्याशी लढणारा 'समर्थ' असतो; वाचकाला थरार हवा असतो आणि तो मिळतो. रत्नाकर मतकरींनी आपल्या कथांसाठी गूढकथा हा शब्द रूढ केला. त्यांच्याकडे धक्का बऱ्याचदा साध्या, मध्यमवर्गीय घरातून येतो, आणि गोष्ट संपल्यावरही काहीतरी खटकत राहतं.

मग काहीच सांगू नये का?

तसंही नाही. इंटरनेटवर हा सल्ला फार ढोबळपणे दिला जातो: भूत दाखवू नका, कारण सांगू नका, झाला हॉरर तयार. 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट याच्या बरोबर उलट वागतो. हस्तर कोण, त्याला शाप का मिळाला, त्याला काय हवं असतं, हे सगळं पहिल्या काही मिनिटांत सांगून मोकळा होतो. तरी तो चालतो. इतका की २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. कारण हस्तरची गोष्ट तिथे आजीनं सांगितलेल्या कहाणीसारखी येते. कहाणी नियम सांगते, खुलासा करत बसत नाही. आणि 'तुंबाड'मधली खरी भीती हस्तरची नाहीच, विनायकच्या हावरटपणाची आहे. ती समजावून सांगायची गरज कुणालाच नाही.

गडबड होते ती नंतर चिकटवलेल्या खुलाशांनी. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये 'फोर्स' म्हणजे जवळजवळ अध्यात्म होतं. १९९९ मध्ये कळलं की ती रक्तातल्या सूक्ष्म जिवांच्या संख्येवर मोजता येते. थोडक्यात, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट. प्रेक्षकांनी त्यासाठी जॉर्ज लुकासला अजून माफ केलेलं नाही. १९७८ च्या 'हॅलोवीन'मधला मुखवटेवाला खुनी कारणाशिवाय मारतो, श्रेयनामावलीत त्याचं नावही 'आकृती' अशा अर्थाचं आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागानं सांगितलं की नायिका त्याची बहीण आहे. कुणाच्याही दारात येऊ शकणारा राक्षस एका घरचा कौटुंबिक प्रश्न होऊन बसला. २०१८ च्या नव्या चित्रपटानं हे नातं काढून टाकलं.

फँटसीतलं सगळ्यात गोड उदाहरण टोल्किनचं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी या माणसानं भाषा, वंशावळी, हजारो वर्षांचा इतिहास, चंद्राच्या कलासुद्धा जुळवल्या. आणि त्याच जगात टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणी म्हणत हिंडणारा एक म्हातारा ठेवून दिला, ज्याच्यावर त्या सर्वशक्तिमान अंगठीचा काडीचा परिणाम होत नाही. तो कोण? देव? आत्मा? १९५४ च्या एका पत्रात टोल्किननं लिहिलं की पुराणकथेच्या जगातही काही कोडी असायलाच हवीत, आणि टॉम हे मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे. इतकं सगळं सांगणाऱ्या लेखकानं एक गोष्ट सांगितली नाही, म्हणून ते जग त्याच्या नकाशापेक्षा मोठं वाटतं.

यातली मेख अशी की न सांगणं आणि माहीत नसणं यांत फरक आहे. लिंडसे यांना उत्तर माहीत होतं. म्हणूनच घड्याळं, कॉर्सेट, एडिथला दिसलेला लाल ढग, हे धागे एकाच दिशेनं ताणलेले वाटतात, जरी ती दिशा दिसत नसली तरी. ज्या वेब सिरीज दर भागाला नवं कोडं टाकतात आणि शेवटच्या सीझनमध्ये हात वर करतात, त्यांचा राग येतो तो उत्तर नसल्यामुळे कमी, आणि उत्तर आहे असं भासवल्यामुळे जास्त.

कप फेकणारा वितरक

'पिकनिक'वर पीटर वियरनं १९७५ मध्ये चित्रपट काढला. ऑस्ट्रेलियन सिनेमाला जगात नाव मिळवून देणाऱ्या चित्रपटांत तो मोजला जातो. वियर एक किस्सा सांगतो: चित्रपट संपल्यावर एका अमेरिकी वितरकानं हातातला कॉफीचा कप पडद्यावर फेकून मारला. दोन तास घालवले आणि उत्तरच नाही! १९९८ मध्ये वियरला चित्रपट पुन्हा संपादित करायची संधी मिळाली. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हटलं की सहसा वीस मिनिटं वाढतात. वियरनं काही मिनिटं आणखी कापली.

हँगिंग रॉकवर जाणारे पर्यटक आजही सुळक्यांमध्ये उभं राहून 'मिरांडाऽऽ' अशी हाक मारतात. यावरून २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कलावंत-अभ्यासक स्त्रीनं 'मिरांडा मस्ट गो' नावाची मोहीम काढली. मुद्दा साधा होता. कधीही अस्तित्वात नसलेल्या गोऱ्या मुलींसाठी सगळा देश हळहळतो, पण ज्या आदिवासी समाजांची ही जागा होती त्यांना इथून हुसकावलं गेलं, त्यांची माणसं रोगराईनं आणि हिंसाचारानं मेली, पुढच्या पिढ्यांची मुलं सरकारनं आईबापांपासून काढून नेली, याबद्दल तिथे आलेल्याला फारसं काही कळत नाही. काहींना ही मोहीम म्हणजे एका चांगल्या कादंबरीवर उगाच राग वाटला. पण आक्षेप कादंबरीइतकाच, तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या पर्यटनावर होता. आणि त्यात तथ्य आहे. ती आदिवासी मुलं कुठे गेली यात गूढ काहीच नव्हतं. त्यांना कुणी नेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कादंबरी वाचायची असेल तर आधी सतरा प्रकरणांचीच वाचावी. मूळ इंग्रजी पुस्तक छोटं आहे, दोन-तीन बैठकींत होतं. त्यानंतर चित्रपट. २०१८ ची सहा भागांची मालिकाही आहे, पण ती पात्रांचे भूतकाळ उकरून काढण्यात बराच वेळ घालवते. अठरावं प्रकरण सगळ्यात शेवटी, आणि तेही अगदीच राहवलं नाही तर.